बोट ज्याचं

पाहुण्यांना डबी दाखवायचं काम कंपनीत नेहमी त्याच्याकडेच यायचं.

डबी हे नाव प्रयोगशाळेतलं. बाजारात तिला लांबलचक नाव होतं, पण जे ती बनवत त्यांच्या तोंडी डबीच बसली होती. काडेपेटीहून थोडी लहान, राखाडी, एका बाजूला कॉम्प्युटरला जोडायचं टोक आणि वरच्या अंगाला नखाएवढी काळी काच. आत साठवण आणि साठवणीच्या दारात एक चिप. त्या चिपला तो पहारेकरी म्हणायचा.

"कॉम्प्युटर हुशार असतो, म्हणून तर तो फसतो," तो पाहुण्यांना सांगायचा. "आमचा पहारेकरी ठार अडाणी आहे. नाव विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही, कुणाचं रडगाणं ऐकत नाही. त्याला एकच बोट कळतं. बोट ज्याचं, माहिती त्याची."

मग डबी टेबलाभोवती फिरायची. जो तो काचेवर बोट टेकवून बघायचा आणि दर वेळी लाल दिवा लागायचा. खूपदा चुकीचं बोट लागलं तर पहारेकरी आतली किल्ली स्वतःच गिळून टाकी, मग डबीत उरे तो नुसता कचरा. कुणीतरी विचारायचंच, "पण तुम्हाला उघडता येत असेल ना?" या प्रश्नाची तो वाट बघत असायचा. "मलासुद्धा नाही," असं म्हणताना त्याची मान जराशी ताठ व्हायची. ते खरंही होतं. डबीला एक चोरदार असावं म्हणून वरून दोनदा दबाव आला होता आणि दोन्ही वेळा तो हटून बसला होता.

चाचणी विभागाची प्रमुख म्हणजे एक फटकळ बाई होती. एका बैठकीत तिनं मधेच विचारलं, "आणि माणूस झोपलेला असला तर? त्याचं बोट उचलून लावलं तर?"

"मग तो ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न," तो म्हणाला. "पहारेकऱ्याला बोट कळतं. मन कळणारी चिप तुम्ही करा, मी तुमच्या हाताखाली काम करतो."

सगळे हसले. ती बाई हसली नाही, पण तिनं विषय सोडला.

पहिल्या खेपेतली एक डबी त्यानं ताईला दिली होती. तिनंच मागितली होती. "कुणालाच उघडता येणार नाही असं काही आहे का रे तुझ्याकडे?" तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यानं तिच्या उजव्या हाताची तर्जनी काचेवर पुन्हापुन्हा टेकवून घेतली, ठसा पक्का केला. भांडी घासून बोटाची कातडी गुळगुळीत झाली होती, त्यामुळे वेळ लागला. भावोजी शेजारी उभे राहून थट्टा करत होते, "आता बायकोची गुपितं आम्हाला जन्मात कळायची नाहीत म्हणा की!"

त्यात काय ठेवलंय, हे त्याला पुढे कळलं. आई शेवटची दीड वर्षं ताईकडे होती. नजर गेली होती, डोकं कधी ताळ्यावर असे, कधी नसे. तो दुसऱ्या शहरात. रविवारी फोन करायचा, एकदोनदा येऊनही गेला होता, सकाळी येऊन संध्याकाळी परत. त्या दिवसांतलं आईचं बोलणं ताईनं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं आणि आई गेल्यावर ते सगळं डबीत हलवून फोनमधून पुसून टाकलं होतं.

"मला एकदा तरी ऐकव," तो म्हणाला होता.

"नाही."

"अगं, माझीही आई होती ती."

"होती ना. म्हणूनच नाही." ताईनं ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुसलेलाच ओटा परत पुसायला घेतला. "बारक्या, परत विचारू नकोस."

त्याला घरात सगळे बारक्याच म्हणत, चाळिशी उलटली तरी. त्यानं परत विचारलं नाही. पण मनात अढी बसली. फोन कमी झाले. आईनं ताईला काहीतरी दिलंय आणि ताई त्यावर एकटी बसून आहे, असं त्याला वाटत राहिलं.

ताई भाजीची पिशवी हातात घेऊन जिन्यातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन पार पडलं, श्वास तिचा ती घेऊ लागली, पण डोळे उघडेनात. तो आला तेव्हा तिला अतिदक्षता विभागातून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. खोली कोपऱ्यातली होती. खिडकीतून गाड्या लावायचं आवार दिसे. भिंतीवर फिकट हिरवा रंग, पलंगाच्या कठड्याला लटकवलेला तक्ता, सलाईनच्या थेंबांचा न येणारा आवाज. भावोजींनी दाढी केली नव्हती. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"तू बस तिच्याजवळ," ते म्हणाले. "मी घरी जाऊन अंघोळ करून येतो. ही तिची पर्स, सांभाळ. इथं कुणाचा भरवसा नाही."

दुपार होती. भेटायला येणाऱ्यांची वेळ संपली होती. मांडीवरची पर्स जड लागली म्हणून त्यानं ती उघडली. निदान स्वतःला त्यानं तसं सांगितलं. किल्ल्या, चष्म्याचं घर, सर्दीच्या गोळ्या. आणि आतल्या चेनच्या कप्प्यात डबी.

तो बराच वेळ ती तळहातावर घेऊन बसला. विचार अगदी सरळ होता, कुठल्याही बैठकीत मांडता आला असता असा. या माहितीची दुसरी प्रत नाही. ताई गेली, तर हे बोट जाईल. बोट गेलं की आईचा आवाज गेला, कायमचा. आपण काही चोरत नाही, वाचवतोय. ती शुद्धीवर आली तर तिचं तिला आहेच, आणि नाही आली तर ती आपले आभारच मानेल. या शेवटच्या वाक्यात काहीतरी गडबड आहे हे त्याला जाणवलं, पण तोवर त्यानं लॅपटॉप पलंगाच्या कडेवर ठेवून डबी जोडली होती.

त्यानं ताईचा हात उचलला. हात अपेक्षेपेक्षा जड होता आणि गार. त्यानं तिची तर्जनी आपला अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी धरली आणि काचेवर टेकवली.

लाल.

परत टेकवली. लाल. कोरड्या बोटाचा ठसा नीट उमटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यावरचा उपायही ठाऊक होता. त्यानं तिचं बोट तोंडाजवळ नेलं आणि त्यावर वाफ सोडली, लहानपणी काचेवर सोडायचा तशी. बोटाचं टोक दमट झालं. मग जरा दाबून धरलं. कातडी पांढरी पडली.

हिरवा.

फायली लॅपटॉपवर उतरायला लागल्या तेवढ्यात दार उघडून नर्स आत आली. त्यानं पांघरुणाचं टोक लॅपटॉपवर ओढलं. ताईचं बोट अजून त्याच्या चिमटीतच होतं. नर्स मध्यम वयाची, थकलेली बाई होती. तिनं सलाईन बघितलं, मग दोघांच्या हातांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"असंच हात धरून बसत जा," ती म्हणाली. "माणूस बोलत नाही, पण कळतं त्याला."

ती गेल्यावर त्यानं बोट सोडलं. कान तापले होते त्याचे, लहान मुलासारखे.

ऐकायला तो खाली गाडीत जाऊन बसला. काच वर केली आणि पहिली फाईल लावली.

आधी पंख्याची घरघर. मग आई. आवाज झिजलेला, पण तीच.

"बारक्या, आलास का रे?"

थोडा वेळ काहीच नाही. मग कुणीतरी घसा खाकरला. आणि एक दबका, जाड केलेला आवाज आला. "आलो, आई."

"किती उशीर!"

"ट्रॅफिक होतं गं."

हे त्याचंच वाक्य होतं, त्याच्याच चालीवर. पण आवाज ताईचा होता.

"हात किती मऊ पडलेत तुझे. काम करत नाहीस वाटतं."

"बसून काम असतं ना, आई."

"ताई कुठाय?"

"बाहेर गेलीय."

"बरं झालं. ऐक, तिला सांगू नकोस हं. अंघोळ घालताना फार घाई करते ती. रागानं पाणी ओतते अंगावर. तू आलास की घर भरल्यासारखं वाटतं बघ. ती काय, असतेच."

पंख्याची घरघर. मग पुन्हा तो दबका आवाज. "मी सांगतो तिला, आई. हळू घालायला सांगतो."

बाकीच्या फायलीही तशाच होत्या. दीड वर्षभर ताई आईजवळ तो होऊन बसली होती. आई तिच्याबद्दलच्या तक्रारी तिलाच सांगत होती, त्याचं कौतुक तिच्याच तोंडावर करत होती. एका फाईलच्या शेवटी, आईचा डोळा लागल्यावर, नाक शिंकरल्याचा आवाज होता आणि मग रेकॉर्डिंग बंद.

ताईनं हे कुणापासून लपवलं होतं आणि कुणासाठी, ते आता सांगायला कुणी लागणार नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडला. मग रुमालानं तोंड पुसून, आरशात बघून केस सारखे केले आणि बायकोला फोन केला. "नाही गं, उघडली नाही डबी," तो म्हणाला. तिनं विचारलंही नव्हतं फारसं.

फोन खिशात ठेवताना त्याला पहिल्यांदा ते जाणवलं. उजव्या हाताच्या तर्जनीला दोन्ही बाजूंनी काहीतरी लागलं, चिमटीत धरल्यासारखं. मग टोकावर दाब आला. त्यानं बोटाकडे पाहिलं. कातडी पांढरी पडली होती. थोड्या वेळानं रक्त परत आलं.

टायपिंग करून करून नस आखडली असेल. त्यानं मूठ दोनदा उघडझाप केली आणि वर गेला.

खोलीबाहेर भावोजी होते. न्हाऊन आलेले, केस ओले. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "बारकू, बोलली! ताई बोलली!"

"काय बोलली?"

"आम्हाला कळलं तेवढं सांगते," नर्स म्हणाली. ती हसत होती, पण जरा बुचकळ्यात पडल्यासारखी. "म्हणाल्या, 'गाडीत जाऊन बसलो. काच वर केली.' अगदी स्पष्ट. बसलो म्हणाल्या. बसले नाही."

"अहो बसलो काय नि बसले काय," भावोजी म्हणाले. "बोलली हे काय कमी आहे?"

डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं. मेंदू पुन्हा शब्द जुळवायला लागलाय, त्यात असे घोटाळे होतात. "आपल्याला काय त्यांची व्याकरणाची परीक्षा घ्यायचीय?" ते म्हणाले आणि सगळे हसले. तोही हसला. ताई डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे. ती दीड वर्ष त्याच्यासारखं बोलली होती, ती सवय कुठंतरी खोल राहिली असेल, असा त्यानं हिशेब लावला. हिशेब बरा होता. फक्त गाडीची काच त्यात बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो स्वच्छतागृहात हात धूत होता. बोट पुन्हा धरलं गेलं. या वेळी नळाखालून अलगद वर उचललं गेलं आणि त्याच्या टोकावर ऊब आली. दमट, संथ. कुणीतरी अगदी जवळून वाफ सोडत होतं.

त्यानं हात झटकला. आरशात मागं कुणी नव्हतं.

तो खोलीत आला तेव्हा ताईचे ओठ हलत होते. आवाज सपाट होता, कागदावरचं वाचून दाखवावं तसा. "बायकोला म्हणालो, उघडली नाही. खोटं बोललो. मग तोंड पुसलं. केस सारखे केले."

"कसली बायको?" भावोजींनी त्याच्याकडे बघून विचारलं. "काय उघडली नाही?"

"भ्रम असेल," तो म्हणाला.

पण तो काही भ्रमावर समाधान मानणारा माणूस नव्हता. खाली आवारात जाऊन त्यानं तपासून बघायचं ठरवलं. एक निरर्थक शब्द मनात धरून तो पुटपुटत राहिला आणि नर्सला फोन करून विचारलं, ताई काही बोलल्या का. नाही, शांत आहेत. बोट धरलं गेलं नाही की ती गप्प असायची. धरलं गेलं की बोलायची. आणि जे बोलायची ते त्याचं असायचं.

त्यानं चाचणी विभागातल्या त्या बाईला फोन लावला.

"बोटाचा ठसा चिपमधून बाहेर जाऊ शकतो का?"

"सर, तुम्हीच तर सांगता, नाही जाऊ शकत."

"आणि उलटं?"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे ज्यानं बोट धरलं, त्याच्याकडे काही..."

"सर, कुणाचं बोट धरलं?"

त्यानं फोन बंद केला. औषधांच्या दुकानातून चिकटपट्टी घेतली आणि तर्जनीच्या टोकाला दोन पदर गच्च गुंडाळले. पट्टीतून ठसा वाचता येत नाही. हे त्यानं स्वतः शेकडो वेळा तपासलं होतं.

दुपारी तो कॅन्टीनमध्ये बसला. भोवती माणसं होती. ट्रे आपटत होते, कुणी मोठ्यानं बिल विचारत होतं. त्यानं हात टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला होता.

पट्टीचं टोक हललं.

आधी ते नखानं खरवडल्यासारखं थोडंसं वर आलं. मग वळलं. मग पट्टी सावकाश सुटायला लागली. घाई नव्हती. दुखू नये याची काळजी घेतल्यासारखी.

समोरचा माणूस सूप पीत होता. त्यानं एकदा पट्टीकडे बघितलं आणि नजर आपल्या वाटीत घातली.

दुसरा पदर सुटला. पट्टी टेबलावर पडली.

बोट धरलं गेलं. ते मागे ओढायला त्यानं सगळा जीव लावला. ओढता आलं नाही.

टोक पांढरं पडलं.

तो उठला. खुर्ची मागं पडली. जिना चढताना त्याचा हात पुढं होता, कुणीतरी बोटाला धरून नेत असल्यासारखा.

दार उघडं होतं. भावोजी ओल्या फडक्यानं ताईचा चेहरा पुसत होते. नर्स औषध मोजत होती. दोघांचेही हात थांबले होते.

"आई गेल्याचा फोन आला," ताई म्हणत होती. "ताई रडत होती. मी फोन कानापासून लांब धरला. मनात म्हणालो, सुटलो."

नर्सनं औषधाची बाटली खाली ठेवली.

"सुटलो," ताई पुन्हा म्हणाली. मग तिचे ओठ मिटले.

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही.

"बारकू," भावोजी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हे तिचं बोलणं नाही."

"नाही."

"मग कुणाचं?"

त्याला काहीतरी सांगता आलं असतं. डॉक्टरांचं वाक्य तयार होतं. पण नर्स त्याच्याकडे बघत होती, हात धरून बसत जा म्हणणारी ती बाई, आणि त्याच्यानं ते होईना.

"माझं," तो म्हणाला.

भावोजींनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि ताईच्या कपाळावरून फिरवलं. "बाहेर बस जरा," ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं लॅपटॉपवरच्या सगळ्या फायली पुसल्या. नुसत्या पुसल्या नाहीत, त्यांच्या जागेवर कचरा लिहून परत पुसल्या. काम चोख झालं. बरं काही वाटलं नाही. मग भावोजी चहाला गेलेले बघून तो आत शिरला, पलंगाशी वाकला आणि ताईच्या कानाशी म्हणाला, "ताई, चुकलं माझं. आता पुरे कर." तिचा चेहरा जसाच्या तसा होता. तिच्या हाताला हात लावायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी ताईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. "थंड नको," म्हणाली. "घशाला बोचतं. इतकं झोपले का मी?" झोपले म्हणाली. नर्सनं ते ऐकलं आणि त्याच्याकडे एकवार बघितलं.

तिच्या कुठल्याही बडबडीची तिला आठवण नव्हती. भावोजींनी सांगितली नाही. ते त्याच्याशी पूर्वीसारखंच बोलत, चहा विचारत, रस्त्यातल्या गर्दीबद्दल विचारत. फक्त बारकू म्हणायचे थांबले. अहो-जाहो करू लागले.

ताई घरी गेल्यावर, हिंडूफिरू लागल्यावर, तो मुद्दाम तिला भेटायला गेला. डबी तिच्यासमोर ठेवली. जे केलं ते सांगितलं. बोट कसं धरलं, ते कोरडं होतं, त्यावर वाफ कशी सोडली, काहीही वगळलं नाही. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. भावोजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

ताईनं डबीकडे बघितलं, हात लावला नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"हो."

"विचारायचं होतंस."

"तू बेशुद्ध होतीस, ताई."

"म्हणूनच," ती म्हणाली.

ती चिडली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं डबी जवळ ओढली आणि ओळीनं नको ती बोटं काचेवर टेकवत गेली. अंगठा, मधलं, करंगळी, परत अंगठा. लाल, लाल, लाल. शेवटी दिवा लागेनासाच झाला. पहारेकऱ्यानं किल्ली गिळली होती. आईचा आवाज आता कुठंच नव्हता.

"झालं," ताई म्हणाली. "आता त्यात काही नाही. आणि हे बघ, तू उगाच तोंड पाडून बसू नकोस. तिला काय ठाऊक होतं? ती सुखानं गेली."

भावोजींनी चहा आणला. ताईच्या उजव्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून ती दोन्ही हातांनी कप धरून पीत होती. भावोजी ट्रे सारखा करत होते. चारही हात टेबलावर, त्याच्या समोर होते, खिडकीतून येणाऱ्या स्वच्छ उजेडात.

त्याच वेळी त्याची तर्जनी धरली गेली.

त्यानं हात मागे ओढला नाही. ताठ धरलं की जास्त वेळ लागतो, हे एव्हाना त्याला कळलं होतं. त्यानं बोट सैल सोडलं. टोकावर ऊब आली, मग दाब. कातडी पांढरी पडली आणि तशीच राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. ताई तर समोर चहा पीत होती, गप्प. मग आता हे कुठल्या खोलीत, कुणापुढं वाचलं जातंय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग दाब सुटला. हात सावकाश टेबलावर परत ठेवला गेला. कोपरापर्यंत दुमडलेली त्याच्या शर्टाची बाही एकेक घडी उलगडत खाली आली, मनगटाशी सारखी झाली, आणि तिचं बटण लागलं.

ताईनं ते पाहिलं. तिनं कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागली.